पाय आला, हात राहिला

आमचं मूळ गाव पारोळ्याकडचं, पण सगळा जन्म गेला इथं सुरतमध्ये, डिंडोलीत राहायचं अन् लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, मशीन चालवायची. काय सांगू तुम्हाले ताई, तार, म्हणजे धागा, तुटला की बाजूचा कारागीर अजून तुटलेलं टोक शोधत राहे अन् माझी गाठ मारून मशीन चालूबी होई, असा हात होता माझा, हाच उजवा, जो आता तुम्ही मांडीवर पडलेला पाहताय.

लकवा आला तो खात्यातच, उजवी बाजू पूर्ण गेली. दवाखान्यातून घरी आणलं अन् व्यायाम करवायले एक गुजराती पोरगी येऊ लागली, आम्ही तिले बेनच म्हणतो. ती मले भिंतीले धरून उभं करे, पाय उचला काका, टाच टेका काका, मी शिव्या द्यायचो तिले, मनात द्यायचो, कधी तोंडावरबी, ती हसे अन् पुन्हा उभं करे. असं करता करता मी मोरीपर्यंत जाऊ लागलो, मग गल्लीच्या तोंडापर्यंत. तिच्यामुळंच ते.

हाताचं मात्र येगळं झालं. माझी घरवाली कमल, भारी मायेची बाई. बेन सांगून जाई, जेवण यांना याच हातानं करू द्या, सांडलं तर सांडू द्या, एमने जाते करवा दो, त्यांचं त्यांना करू द्या. बेनची पाठ फिरली की झालं, मी पेल्याकडे हात नेला रे नेला की कमलचा हात आधी पोहोचे. राहू द्या, मी शे ना, मी करते, म्हणे. घास तिनं भरवायचा, बटणं तिनं लावायची. बघायले आलेल्या बाया म्हणायच्या, अशी सेवा आजकाल कोण करतं, तिले वाटे आपण बरोबर करतोय, अन् मले तरी कुठं वाईट वाटत होतं. माझ्या जागी चालणं काही तिले जमणारं नव्हतं, म्हणून पाय आला. हाताचं सगळं ती करत राहिली अन् बोटं वळून गेली.

शेवटी बेन बोलली तिले, काकी, सगळं तुम्हीच कराल तर त्यांचा हात कशाले हलेल. कमल मोरीत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

आता बोटं थोडी उघडतात. बेन जाड सुतळीची गाठ मारायले लावते, तीबी सुटून जाते. खात्यात परत जाणं नाही, हे मले कळलंय. फार वाईट वाटतं हो, रस्त्यानं जाताना मशीनचा आवाज आला की तिथंच उभा राहून ऐकत राहतो. पण कमलले काय बोलू, तिलेच जास्त लागलंय. देवानं तिले सुखात ठेवावं, एवढंच मागतो.

जेवायले बसलो की माझा घास थरथरत तोंडाकडे जातो, वरण बंडीवर सांडतं, अन् समोर कमल दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. मी म्हणतो, तू जेव ना, थंड होतंय. ती म्हणते, आधी तुमचं होऊ द्या.