गजूला रडू येतं कशानं

सांगतो, पण माझ्या व्याह्यांसमोर हा विषय काढू नका.

टीव्हीवरच्या मालिकेत रोज रडतो ना, तो गजू लहानपणी आष्टीत आमच्या शेजारी राहायचा. बाप ग्रामसेवक, त्यामुळं दर साल-दोन सालाला बदली. आष्टी सोडली तव्हा माझ्या गळ्यात पडून असा रडला, का सामानाच्या टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरून त्याला समजावू लागला.

मागं तो गावाकडं आल्ता. मी इचारलं, "गजू, एवढं खरं पाणी डोळ्यात कुठून आणतो रे?"

"आबा, आष्टी सुटली तो दिवस आठवतो. बस, येतं."

मी शाळा शिकलो न्हाई, पण तेवढं पाठ केलं आन् साऱ्या बाजारात सांगितलं.

मंग अंकुशनगरचे व्याही मुक्कामाला आले. मालिका लागली, गजू रडून राह्यला होता. व्याही म्हणाले, "आमचं अंकुशनगर सुटलं ते आठवतं त्याला. सोता सांगितलंय मला."

"बिलकुल न्हाई! आष्टी आठवती!"

दोघांचाबी चहा थंड झाला. शेवटी नातीनं गजूला फोन लावून स्पीकरवर टाकून दिला. मी म्हणलो, "व्याही समोर बसलेत. खरं सांग, आष्टी का अंकुशनगर?"

गजू हसला. "आबा, हप्त्यातले सहा दिवस रडायचं असतं. एका गावावर कसं भागंल?"

व्याह्यांनी माझ्या हातातला फोन ओढला.

"ते बराबर हाये, पण अंकुशनगरचा वार कोणता?"