नाना वळणावर का बसायचे

जमलेल्या थोरामोठ्यांनो, आयाबायांनो, आणि नानांच्या घरच्या काकी,

मला भाषण येत नाही. आशाताई म्हणून घरोघर फिरते तेव्हा बोलते. लस कधी आहे, गोळ्या कशा घ्यायच्या, बाळाचं वजन किती भरलं. ते बोलणं वेगळं. सरपंचांनी मघाशी विचारलं, "सुनंदाताई, दोन शब्द बोलणार का?" मी हो म्हणाले. आता खाली बसावंसं वाटतंय. पण आज बसले तर परत कधी उभी राहणार?

आज नानांच्या शोकसभेत माझ्या आधी बोलले त्यांनी नानांची फौजेतली नोकरी सांगितली. हवालदार होते, नव्या जवानांना हातघाईची लढाई शिकवायचे, हे सांगितलं. गावात येऊन पोरींचा वर्ग काढला, तेही सांगितलं. पण वर्ग बंद का पडला, तिथं आले की सगळे घसा साफ करत होते आणि पुढं जात होते. शेवटच्या दोन वर्षांत नाना रोज कॅनॉलच्या वळणावर का बसायचे, हे कुणी बोललं नाही. तुम्ही बोलला नाहीत, पण मनात सगळ्यांच्या आहे. हो की नाही?

ते मी सांगते. कारण ते माझ्यामुळं होतं.

तुम्हाला ठाऊक आहे, मळ्यातल्या वस्त्यांवर जायला एकच वाट. दोन्ही अंगाला ऊस. ऊस गुडघ्याएवढा असतो तोवर ती वाट असते. डोक्यावर गेला की बोळ होतो. मागं बघितलं तर ऊस, पुढं बघितलं तर ऊस. फोनला रेंज नाही. त्या वाटेवर एक माणूस मोटारसायकल घेऊन माझ्या मागं यायला लागला. आधी नुसता मागं. मग बरोबरीनं. मग पुढं जाऊन थांबायचा. बोलायचा काही नाही. नुसता हसायचा.

कुणाला सांगणार होते मी? आमचे हे गलाईच्या दुकानात, तिकडं लांब दक्षिणेला. त्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, काम सोड आणि इकडं ये. तिथं खाली सोनं गाळायची भट्टी आणि वर एक खोली. मी राहून आलेय. चार महिने दाराबाहेर पाऊल पडलं नव्हतं. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, तू काय केलंस? त्यांनाही दोष नाही देत. त्यांनाही कुणी तरी असंच विचारलं असेल. म्हणजे घरात सांगितलं तर घरात कोंडणार, आणि नाही सांगितलं तर वाटेवर तो आहेच.

मग मी ठरवलं, शिकायचं. दर रविवारी विट्याला कराटेच्या क्लासला जायला लागले. क्लास वाईट नव्हता. पांढरे कपडे, रांगेत उभं राहायचं, हवेत ठोसे. सर म्हणाले, "ताई, दोन वर्षांत चांगला पट्टा मिळेल." मला तर सोमवारी त्याच वाटेनं जायचं होतं.

शेवटी नानांकडं गेले. समाजमंदिरात त्यांचा पोरींचा वर्ग सुटला होता, ते गाद्या गुंडाळत होते. मी म्हणाले, "नाना, कराटे चांगलं की ज्यूदो? का दुसरं काही? काय शिकू?"

त्यांनी गादी खाली ठेवली. म्हणाले, "आदी सांग, तुला कप जितायचाय का घरी यायचंय?"

मी म्हणाले, "घरी यायचंय."

"मग नाव इचारू नगंस. इचारायचं ते येगळंच. साडी नेसून येतंय का? खांद्यावर पिशवी असताना येतंय का? दमल्यावर, भ्याल्यावर येतंय का? जे येत न्हाई ते कितीबी झ्याक असू दे, तुझ्या काय कामाचं?"

मग त्यांनी मला चारच गोष्टी शिकवल्या. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं झटका देऊन काढायचं, कारण पकड तिथं ढिली असते. मागनं दोन्ही हातांनी कवळ घातली तर बूड खाली सोडायचं आणि टाचेनं पाय चेचायचा. पडलं तर उठायची घाई करायची नाही, आधी आपले पाय त्याच्याकडं करायचे. आणि ओरडायचं. चारच. पण किती वेळा! काकी, तुम्हाला आठवतंय, तुम्ही पलीकडं शेंगा फोडत बसायचा आणि म्हणायचा, "आवं, सोडा की पोरीला, दमली ती." आणि नाना म्हणायचे, "दमली हाय म्हणूनच."

मी त्यांना विचारलं होतं, "नाना, मारायचं कधी शिकवणार?" ते म्हणाले, "मारायचं न्हाई. सुटायचं आणि पळायचं. जिकायला थांबलीस की फसलीस."

एक दिवस दुपारी त्यानं मोटारसायकल आडवी लावली.

आता हे ऐका. शिकलेलं सगळं माझ्या अंगातून निघून गेलं. मी उभी राहिले. नुसती उभी. त्यानं मनगट धरलं तरी मी उभीच. सिनेमात दाखवतात तसं काही झालं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग हात आपोआप फिरला, अंगठ्याच्या बाजूनं, आणि सुटला. त्यानं पदर धरला. मी पडले. पाय त्याच्याकडं केले आणि लाथा घातल्या. कुठं लागल्या बघितलं नाही. तो गुडघा धरून खाली बसला, एवढंच दिसलं. मी उसात घुसले.

उसात शिरल्यावर दिशा कळत नाही. पाती तोंडाला, हाताला कापत होती. मागं आवाज येतोय का आपलाच श्वास आहे, समजत नव्हतं. ओरडायचं शिकवलं होतं, पण ओरडले तर कुठं आहे ते त्याला कळेल. म्हणून तोंडात पदर कोंबला आणि सरीनं चालत राहिले. बाहेर पडले ते नानांच्या रानात. नाना उसाला पाणी देत होते, दारं धरत होते. त्यांनी मला बघितलं आणि खोरं टाकून दिलं.

ते म्हणाले, "चल. आत्ताच्या आत्ता पोलिसात जाऊ."

मी त्यांचे पाय धरले. म्हणाले, "नाना, शपथ घ्या. कुणाला सांगणार नाही. काकींनासुद्धा नाही. सांगितलं तर माझं काम जाईल, मला त्या खोलीत नेऊन ठेवतील."

त्यांनी मला उठवायला बघितलं. "चुकतीयास तू," म्हणाले. मी पाय सोडले नाहीत. मग म्हणाले, "बरं. माझा शबूद हाय. न्हाई सांगणार."

घरी मी सांगितलं, पाय घसरून उसात पडले.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर निघाले तर कॅनॉलच्या वळणावर नाना. हातात विळा, गवत कापतायत. मी परत येईपर्यंत तिथंच. तिसऱ्या दिवशी तिथंच. उन्हात, थंडीत, पावसात पोतं पांघरून. तो मोटारसायकलवाला दोनदा आला, नानांना बघितलं आणि वळून गेला. लोक विचारायचे, "नाना, म्हस तर इकली. गवत कुणाला?" नाना म्हणायचे, "शेजाऱ्याच्या म्हशीला." आणि खरंच नेऊन टाकायचे.

मग बोलणं सुरू झालं. कुणी सुरू केलं ते मी विचारत नाही. म्हातारा त्या आशाबाईच्या वाटंवर का बसतो? रोज तिच्याच वेळेला कसा? कुणी हसलं, कुणी मोबाइलवर काहीबाही लिहून पाठवलं. आयांनी पोरींना वर्गाला पाठवायचं थांबवलं. बारा पोरी होत्या. पाच झाल्या. एका रविवारी एकही आली नाही. नाना एकटेच गाद्या अंथरून बसले होते. मी दारातून बघितलं आणि आत गेले नाही. मी आत गेले असते तर लोकांना बोलायला आणखी एक कारण मिळालं असतं.

काकी, तुम्हाला बायकांनी काय काय सांगितलं, मला माहीत आहे. दळणाला आलात तेव्हा गिरणीत मी होते. तुम्ही पीठ न घेता निघून गेलात. तुम्ही नानांना विचारलं असणार. आणि त्यांनी सांगितलं नसणार. नवऱ्यानं एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तोंड मिटून घेतलं, तर बायकोनं काय समजायचं?

मी एकदा गेले नानांकडं. म्हणाले, "नाना, मी सांगते सगळ्यांना." ते म्हणाले, "माझ्यासाठी सांगणार असशील तर नगं. माझं वय झालं, मला काय हुतंय? तुला पेलंल तवा सांग." काकी, खरं सांगू? मला हायसं वाटलं. देवळात खोटं बोलून सुटावं तसं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

नाना सांगलीला दवाखान्यात आठ दिवस होते. मी गेले होते. दारात तुम्ही बाकावर बसला होता. मी जिन्यावरूनच मागं फिरले. नाना गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी गावातल्या ग्रुपवर कळलं.

आमचे हे आले आहेत. तिकडं मागं, खांबाजवळ बसलेत. ते हे सगळं पहिल्यांदा ऐकतायत. अहो, काय म्हणायचं ते घरी म्हणा. काम मी सोडणार नाही, हे मात्र आत्ताच सांगते. सासूबाई, तुम्हालाही.

तो माणूस ह्याच गावचा आहे. आज इथं आहे का नाही, मी बघितलेलं नाही. त्याचं नाव मी इथं घेणार नाही. लिहून दिलंय. सकाळी तालुक्याला पोलीस ठाण्यात जाऊन आले आणि मग इथं आले. त्यांनी विचारलं, इतके दिवस का गप्प होता? ह्यापुढं ते मला सगळेच विचारणार. तुम्हीही विचाराल. मळ्याची वाट तीच आहे, ऊस परत डोक्यावर आलाय, आणि उद्या सोमवार आहे. मला जायचं आहे. भीती गेली असं मी म्हणणार नाही. गेलेली नाही.

ज्यांच्या पोरी वर्गाला यायच्या, त्यांना एवढंच सांगते. नानांनी तुमच्या पोरींना जे शिकवलं, ते खरं होतं. मी इथं उभी आहे, ती त्यामुळं.

काकी, तुम्ही मला काय बोलायचं ते बोला. इथं, सगळ्यांसमोर बोला. मी ऐकून घेईन. पण घरी गेल्यावर त्यांच्या फोटोला हार घालताना मनात काही ठेवू नका. त्या माणसानं तुमच्याशी एकच गोष्ट लपवली, आणि ती त्यांची नव्हती. माझी होती.

नाना, तुमच्याकडून शब्द मी घेतला होता. आज सगळ्या गावासमोर तो मोकळा करते. जिवंत असताना करायला पाहिजे होता. तुम्हाला माझा नमस्कार.