पुलावर आधी कोण पोचलं

हॅलो?… हो, मीच. दवाखान्यातच आहे, शिवणखोलीत. मशीन बंद केलंय, बोल.

… आवाजाला काय झालंय? काही नाही.

… आणले ना. उद्याच्या शर्यतीचे दोघींचे नंबर आणले. छातीला लावायला पिनाही दिल्यात.

… अगं, ऐक ना आधी. त्या टेबलावरच्या माणसाला तुझं नाव सांगितलं, तर तो हसायलाच लागला. म्हणतो, "हरिणी? आणि यंदा पाच किलोमीटरला? पाय दुखावला की काय?"

… हो, हरिणी. तिथे सगळे तुला तेच म्हणतात म्हणे.

… थांब, मध्ये बोलू नकोस. थोरली जाऊ आहे मी तुझी, एवढं तर बोलू दे. तो म्हणाला, लग्नाआधीपासून धावतेस. दरवर्षी बाहेरगावाहून यायचीस, एकवीस किलोमीटरला. खरं की खोटं, एवढंच सांग.

… हं.

मग तुम्ही बदली होऊन इथे आलात तेव्हा, "ताई, मलाही यातलं काही येत नाही, दोघी मिळून शिकू," हे कोण म्हणालं होतं?

… कुठे ओरडतेय मी?

आधी लाँड्रीपर्यंत. ते जमलं की शाळेच्या फाटकापर्यंत. मग पाण्याची टाकी. एकेक टप्पा दोघींनी बसून ठरवला… दोघींनी! टाकीपाशी तू कंबर धरून मटकन खाली बसलीस. "ताई, पोटात कळ आली, जरा चालू या." ती कळ…?

… नव्हतीच.

आणि धापा?… त्याही?

अगं, तुझ्या पोटऱ्यांना मी तेल चोळलंय! या हातांनी. दिवसभर चादरी शिवून बोटं वळत नसायची, तरी म्हणायचे, पोरीला सवय नाही, उद्या पाय धरतील हिचे. आणि तू खुशाल पाय पुढे करून बसायचीस!

… हो, हो, डॉक्टर म्हणाले होते. हिची साखर वाढलीय, हिला रोज चालायला-पळायला काढा. कळतंय मला. … मी एकटी जाणार नाही असं कोण म्हणालं? … आमचे हे? म्हणजे त्यांना ठाऊक होतं? … आणि भावजींना? … सासूबाईंनाही! छान. घरभर आंधळी कोशिंबीर चाललेली आणि डोळ्यांवर पट्टी फक्त माझ्या.

… फायदा झाला, नाही कोण म्हणतंय? साखर उतरली, जिना चढताना थांबावं लागत नाही. ते नको सांगूस मला. मला दुसरंच विचारायचंय.

पुलाचा दिवस आठवतो?

… तोच. शेवटच्या चढाला मी तुझ्या पुढे गेले. कठड्याला हात लावला, वळून बघितलं, तर तू अजून खालीच. जन्मात कधी कुणाच्या पुढे गेले नव्हते गं मी. शाळेत नाही, माहेरी नाही, या घरात तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी इथे सगळ्यांना चहा पाजला. म्हटलं, माझ्याहून वीस वर्षांनी लहान जाऊ आणि मी तिला मागे टाकलं!

तू मुद्दाम मागे राहिलीस?

… फायद्याचं नको, पुलाचं सांग.

 

… बरं. कळलं.

… येणार ना, उद्या येणारच आहे मी. पण माझ्या शेजारी धावायचं नाही. तू आपल्या वेगानं सुटायचं. … नाही, मागे वळूनसुद्धा बघायचं नाही. बसले तर बसले. पडले तर उचलायला असतील चार लोक. तुझी पाठ दिसेनाशी झाली पाहिजे मला. मग जिथवर जाईन, ते माझं.

… अगं, रडतेस?

… खरंच रडतेस, की…

बघ, हे असं करून ठेवलंस.

ठेवते मी.