तिच्या नावावर चौसष्ट किलोमीटर

बँकवाली — हे पळणं नाही, भावजी. चालणं आहे. तेही पाय ओढत!

काटेवाला — पाय ओढत ते तुम्हाला कसं कळलं?

बँकवाली — फोन सांगतो ना. बुटाच्या लेसमधलं ते बटण सगळं मोजतं. किती पळालात, किती वेगानं, पाऊल जमिनीवर किती वेळ टेकलं. तिचं टेकलं न टेकलं तोच उचललेलं असायचं. आणि आता? पोतं आपटल्यासारखं!

काटेवाला — कामाचे बूट आहेत. पुढे लोखंड असतं त्यांना.

बँकवाली — म्हणजे तिच्या बुटातलं काढून तुमच्या लोखंडी बुटाला लावलंत?

काटेवाला — लावलं. बायकोचे बूट मला होतात का?

बँकवाली — अहो, आमच्या गटात अकरा जणी आहेत. आज कोण किती पळालं, ते प्रत्येकीच्या फोनवर येतं. तिला जाऊन नऊ दिवस झाले होते. मी पासबुक छापत होते आणि फोनवर तिचं नाव! 'आज दीड किलोमीटर.' समोर गिऱ्हाईक उभं, आणि मी काउंटर सोडून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मॅनेजर पाणी घेऊन धावत आला.

काटेवाला — ते माझ्या डोक्यात आलं नाही, बाई.

बँकवाली — एकदा झालं असतं तर चूक म्हटली असती. पण चाळीस दिवस? रोज?

काटेवाला — मग काय करायचं होतं? तिच्या फोनवर काय आलं होतं माहीत आहे? 'नऊ दिवस बूट कोपऱ्यात! आळस झटका, उठा!' उठा म्हणे! कुणाला सांगतोस रे? सत्तावीस वर्षं आमच्या घरात तिच्या आधी कोणी उठलं नाही. तिला आळशी म्हणायची एका बटणाची काय प्राज्ञा?

बँकवाली — फोन बंद करायचा.

काटेवाला — बंद केला की तिला म्हटलेलं पुसलं जातं का? बटण बुटाला लावलं आणि या वजनकाट्याच्या आवाराला चार फेऱ्या मारल्या. लगेच म्हणतो, 'शाब्बास! तुम्ही परत आलात.' मग दुसऱ्या दिवशीही गेलो. आता म्हणा मला वेडा.

बँकवाली — वेडे तर आहातच. किलोमीटरला सहा मिनिटं, हा तिचा वर्षाचा वेग. आता साडेसहा दाखवतोय. तुमची तेरा-तेरा मिनिटं मिसळलीत ना त्यात! त्या सहासाठी ती नऊ वर्षं माझ्याशी भांडली. तिची गोगलगाय करून ठेवलीत तुम्ही.

काटेवाला — तुम्हाला का एवढं झोंबतंय? ती कायम पहिली, तुम्ही कायम दुसऱ्या. शेपूट म्हणायची तुम्हाला.

बँकवाली — माहीत आहे. तोंडावर म्हणायची.

काटेवाला — मग खरं ते बोला ना. ती गेली, तुमची वाट मोकळी झाली. आणि गटाच्या यंदाच्या यादीत ती जागची हलेना, म्हणून पोटात दुखलं.

बँकवाली — भावजी, जीभ आवरा.

काटेवाला — का आवरू? मी बघत होतो ती यादी. ती गेली तेव्हा तुम्ही शंभरेक किलोमीटर मागे होता. मग रोज थोड्या जवळ, रोज थोड्या जवळ. जी पळू शकत नाही तिला मागून गाठायचं, ही कुठली मर्दुमकी? थांबा जरा, ट्रक आलाय. ए! उतर खाली! माल मोजायचाय, तुला नाही! उतर म्हणतो ना!

बँकवाली — का उतरवलंत त्याला?

काटेवाला — रोजचंच आहे हे. भरल्या गाडीत गुपचूप बसून राहायचं. सत्तर किलोचा माणूस बसला की कागदावर माल सत्तर किलो वाढला.

बँकवाली — आणि तुम्ही ते चालवून घेत नाही.

काटेवाला — एकतीस वर्षं या वजनकाट्यावर आहे. एकदाही नाही.

बँकवाली — मग तिच्या आकड्यात तुम्ही का बसलात?

(बाहेर ट्रक काट्यावरून निघून जातो.)

बँकवाली — उतरा, भावजी.

काटेवाला — मी उतरलो तर ती थांबली असं होईल.

बँकवाली — हो.

काटेवाला — तुम्हाला बोलायला काय जातं?

बँकवाली — मला? नऊ वर्षं तिची पाठ बघत पळाले मी! तिच्या मानेवरचा तीळ तुमच्यापेक्षा मी जास्त बघितलाय. पुढे जायचंय मला, का नाही? पण तिच्या पुढे. तुमच्या चौसष्ट किलोमीटरांच्या पुढे जाऊन मी कुणाला हरवलं म्हणू? ती नऊशे बारा पळाली. एवढेच तिचे.

काटेवाला — कसं पुसतात हे?

बँकवाली — एकेक दिवस दाबायचा. दर वेळी विचारील, 'नक्की?'

काटेवाला — चाळीस वेळा?

बँकवाली — आणा, मी करते.

काटेवाला — नको. मीच घातले, मीच काढतो. हा गेला. हा गेला. हा त्या पावसातला, चिखलात पाय रुतला होता. गेला. तुम्ही बसा ना, उभ्या का?

बँकवाली — सावकाश करा. मला घाई नाही.

काटेवाला — हा... हाही गेला. आणि हा...

बँकवाली — हात काढा! तो नाही! तो रविवारचा. तो तिचा आहे.

काटेवाला — आठ किलोमीटर, चारशे मीटर. घरी आली तेव्हा म्हणाली, आज हलकं वाटलं. आणि सोमवारी...

बँकवाली — त्या दिवशीही मी मागेच होते.

काटेवाला — आता तुमचे किती झाले?

बँकवाली — नऊशे नऊ.

काटेवाला — म्हणजे तीन पळालात की बरोबरी. चौथ्याला पुढे.

बँकवाली — केव्हाच झालं असतं. अकरा दिवस बूट घातलेले नाहीत मी.

काटेवाला — मग तुमचा फोनही तुम्हाला आळशी म्हणत असेल.

बँकवाली — म्हणू दे. त्याच्या बापाचं काय खाल्लंय?

काटेवाला — बाई, उद्या जा तुम्ही.

बँकवाली — बघू.

काटेवाला — बघू नाही. सकाळी किती वाजता निघता?

बँकवाली — साडेपाचला. पुलापासून.

काटेवाला — आणि चौथा किलोमीटर कुठे पुरा होतो?

बँकवाली — पाण्याच्या टाकीपाशी. तुम्ही कशाला विचारताय?

काटेवाला — तिला कोणी मागे टाकणार, आणि तिच्या घरचं तिथे कोणी नको?