घरच्या शाळेतली भाजलेली पाटी

अध्यक्षस्थानी बसलेले आपल्या वाचनालयाचे ग्रंथपाल महोदय, वेळात वेळ काढून आलेले आजचे प्रमुख पाहुणे, निवृत्त शिक्षण निरीक्षक साहेब, सत्कारमूर्ती म्हणजे माझी वहिनी, तिच्याशेजारी अवघडून बसलेला माझा मोठा भाऊ, आणि समोर जमलेले पालक, शेजारी आणि वहिनीच्या घरच्या शाळेत शिकून आता माझ्यापेक्षा उंच झालेल्या माझ्या दोघी भाच्या, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. एकतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यातली नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते. पाच मिनिटं म्हणजे किती, ते मला चांगलं कळतं. पाळता तेवढी येत नाहीत. मागच्या रांगेने हसू नये.

वहिनीने अकरा वर्षं घरी शाळा चालवली. आता धाकटी भाची कॉलेजला निघाली, म्हणून ती शाळा बंद होते आहे. बंद होणाऱ्या शाळेच्या सत्काराला बंद न पडलेल्या शाळेची माजी मुख्याध्यापिका कशाला बोलावली, असं कुणाच्या मनात येईल. माझ्याही आलं. पण वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्हीच बोला." का म्हणाली, ते पुढे येईलच.

या शाळेत प्राचीन इतिहास आणि बायबलमधला इतिहास हातांनी शिकवला जायचा. म्हणजे कसा? नोहाचं तारू तीनशे हात लांब, असं पुस्तकात वाचलं की आम्ही मास्तर लोक काय करतो? त्याखाली रेघ मारतो. वहिनीने मुलींच्या हातात खडू दिला आणि त्यांना रस्त्यावर सोडलं. थोरलीने कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत आपला हात धरून मोजलं, तारू पार चौकापर्यंत गेलं. धाकटीने आपल्या हाताने मोजलं, ते औषधाच्या दुकानाच्या पायरीशी संपलं. मग भररस्त्यात भांडण, खरं तारू कुणाचं! औषधवाले काका दुकानातून ओरडत बाहेर आले, कारण त्यांची नुकतीच धुतलेली पायरी तारवाच्या पोटात गेली होती. काका इथे आहेत. काका, जरा थांबा, तुमच्याकडे मला परत यायचं आहे.

यरीहो शहराची भिंत त्यांनी खोक्यांची रचली आणि तिच्याभोवती सात फेऱ्या मारून ती पाडली. ती माझ्या चहात पडली. इजिप्तमध्ये ममी कशी करायचे ते कळावं म्हणून एक अख्खी कोंबडी चाळीस दिवस मिठात पुरून ठेवली होती. ती कुठे ठेवली होती, हे माझ्या भावाला एकोणचाळिसाव्या दिवशी डबा उघडल्यावर कळलं. तेव्हापासून तो घरात कुठलाही डबा विचारल्याशिवाय उघडत नाही.

हे सगळं मी आज हसत सांगते आहे. तेव्हा मला हसू येत नव्हतं.

थोरली लहानपणी बोलताना अडखळायची. वर्गात वाचायला उभी राहिली की मुलं हसायची आणि बाई घाईघाईने "बस, बस" म्हणायच्या. ती शाळा माझी होती. वहिनी तीनदा मला भेटायला आली आणि तिन्ही वेळा मी तिला सांगितलं, "होईल सवय." चौथ्यांदा ती दोन्ही मुलींचे दाखले मागायलाच आली. मुख्याध्यापिकेच्या सख्ख्या भाच्या तिच्याच शाळेतून निघतात, म्हणजे लोकांत नाक कापलं गेलं, असं मला वाटलं. पोरीचं काय होत होतं, हे मला तेव्हा दिसलंच नाही.

त्याच वर्षी शिक्षण कार्यालयात एक पत्र गेलं. घरी शिकवण्याच्या नावाखाली मुलींचं वाटोळं चाललं आहे, परवानगी रद्द करावी. खाली सही, 'एक हितचिंतक'. परवानगी गेली असती, तर थोरलीला परत त्याच वर्गात उभं राहावं लागलं असतं.

आजचे पाहुणे, तेव्हाचे निरीक्षक साहेब, चौकशीला आले तो दिवस या गल्लीतले लोक विसरलेले नाहीत. मुलींनी ओल्या मातीच्या पाट्या करून त्यांवर काडीने खिळ्यांसारखी अक्षरं कोरली होती, हजारो वर्षांपूर्वी लिहायचे तशी. त्या पाट्या अंगणातल्या विटांच्या भट्टीत भाजायला घातल्या होत्या. एक पाटी पुरती सुकली नव्हती. साहेबांनी "नमस्कार" म्हणायला आणि ती फटकन फुटायला एकच गाठ पडली. साहेब, तुम्ही कपडे वाळत घातलेल्या दोरीच्या मागे गेलात, असं ऐकून आहे.

धुरातून बाहेर येऊन साहेबांनी थोरलीलाच विचारलं, "या भाजता कशाला?" ती अडखळली. वहिनी मध्ये बोलली नाही, साहेबही थांबले. आणि पोर म्हणाली, "ग-गाव जळलं, तेव्हा क-कच्च्या पाट्या भाजल्या गेल्या. म्हणून त्या आ-आपल्याला वाचता येतात." परवानगी राहिली. माझ्या शाळेत त्या उत्तरासाठी कुणी एवढा वेळ थांबलं नसतं.

पत्र कुणी लिहिलं, यावर गल्लीत बरंच बोलणं झालं आणि सगळ्यांचं बोट औषधवाल्या काकांकडे गेलं. पायरीचा राग! अकरा वर्षं लोक त्यांच्याकडून गोळ्या घेत आले आणि पाठ फिरली की कुजबुजत आले. वहिनी तेवढी दरवेळी सांगायची, "त्यांनी नाही लिहिलं." मग कुणी, ते मात्र कधी सांगायची नाही.

गेल्या रविवारी शाळा आवरताना मुलींनी अंगणाचा कोपरा खणला. दरवर्षीचं काम तिथे पुरून ठेवायचा त्यांचा रिवाज होता. नंतरच्या वर्षांच्या कच्च्या पाट्यांचा चिखल झाला होता. पहिल्या वर्षीच्या भाजलेल्या तेवढ्या शाबूत निघाल्या. धाकटीने त्यातली एक माझ्या हातात दिली. "आत्या, तू वाच." सोबत अक्षरांचा तक्ताही दिला. एकतीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई पहिल्यांदाच भाजलेली पाटी हातात धरून वाचत होती. एकेक अक्षर लावत गेले.

"आज आत्या आली. आईवर रागावली. आई अंगणात गेली तेव्हा आत्याने आमच्या टेबलावर पत्र लिहिलं. आईला घरी शिकवू देऊ नका, असं लिहिलं."

होय. ते पत्र मी लिहिलं.

मागची रांगही पुढे सरकली, ते बरं झालं. मला आवाज चढवावा लागणार नाही. तेव्हा सात वर्षांची असलेली धाकटी त्या घराची लेखनिक होती. घरात जे घडेल ते लिहायचं, हे तिचं काम. वहिनीने मुलींना शिकवलं होतं की त्या जुन्या लेखनिकांनी दावीद राजाचं मोठेपण लिहिलं, तसं त्याचं पापही लिहिलं, आणि म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पोरीने आत्याला राजाचाच मान दिला म्हणायचा.

मी वहिनीला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"भट्टीत घालताना वाचलं. साहेब यायच्या तासभर आधी."

"मग भाजलीस कशाला? बादलीत टाकली असतीस तर विरघळली असती."

"लेखनिकाने लिहिलेलं पुसायचं नाही, हा नियम मीच केला होता, वन्सं. आणि मला काही तुम्हाला अडकवायचं नव्हतं. म्हणून पुरून टाकली. आता सत्काराच्या दिवशी तुम्हीच बोला."

साहेब येऊन गेले त्या संध्याकाळी मी साळसूदपणे चौकशीला गेले होते. सगळं माहीत असून तिने मला चहा दिला, साखर कमी घालून, मला चालते तशी. मला त्याची आज फार लाज वाटते.

काका, या गल्लीसमोर सांगते, तुमचा काही संबंध नव्हता. साहेब, मघाशी चहाच्या वेळी तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात. माझ्या शाळेचे अहवाल तुमच्याकडेच यायचे, पत्रातलं अक्षर तेव्हाच ओळखलं होतंत ना? गप्प राहिलात, तुमचे उपकार आहेत. अध्यक्षमहाशयांनी दोनदा घड्याळ पाहूनही मला थांबवलं नाही, त्यांचे आभार. थोरली, तुझी माफी मी तुझ्या घरी येऊन मागणार आहे, आणि तू बोलशील तितका वेळ थांबणार आहे.

भाषण संपवताना चुकलं-माकलं माफ करा, असं म्हणायची पद्धत आहे. एकतीस वर्षं मी ते म्हणत आले, पण काय चुकलं ते कधी सांगितलं नाही. आज सांगून झालं आहे. वहिनी, मला माफ कर.

आणि लेखनिकबाई, पहिल्या रांगेत बसून डोळे काय पुसतेस? हेही लिहून ठेव. आणि ओलं ठेवू नकोस, चांगलं भाज.