आजोबा घरात हजर

अभिलेख कार्यालयातल्या बाकावर शिंपीणबाई आपल्या नंबराची वाट बघत होत्या. शेजारी बहीण-भाऊ कागद पसरून बसले होते, पलीकडे त्यांचे म्हातारे वडील पेंगत होते. लोकांचं ऐकू नये हे बाईंना कळत होतं, पण कान तिकडेच.

"ताई, हे लष्कराचं बघ. आजोबा लढाईतच गेले. सामान आजीला पोचलं. घड्याळ, बूट, खाली तिचा अंगठा."

"काहीतरीच काय! ते तर घरी तापाने गेले ना? आणि ही जनगणना बघ, लढाईनंतरची. घरात कोण कोण? पणजी, आजी, छोटे बाबा आणि आजोबा!"

"मेलेला माणूस घरात हजर?"

"मग आजोबा म्हणून घरात होतं कोण? आजीने दुसऱ्या कुणाला..."

"तोंड आवर! बाबा ऐकतील."

"ऐकतोय मी. कुणी नव्हतं गं. तुमची पणजी आंधळी. मुलगा गेला म्हटलं असतं तर तिने तिथंच प्राण सोडला असता. मोजणीवाला आला तेव्हा ती दारातच बसलेली. आई काय सांगणार? तापाचं तिने पुढे, म्हातारी गेल्यावर सगळ्यांना सांगितलं."

"पण बाबा, मुलगा घरात नाही हे आंधळीलाही कळतंच ना?"

"तो रात्री उशिरा येतो, पहाटे जातो, असं आई सांगायची. पावलं वाजली की म्हातारीला पुरायचं."

"कुणाची पावलं?"

"ते बूट आले होते ना. मी घालायचो. फार मोठे व्हायचे मला, पाय ओढत चालायचो. म्हातारी म्हणायची, दमलाय गं माझा पोरगा."