देवीचा डोंगर अन् गल्लीचे नारळ

अरे, महाराष्ट्र नवा होता अन् मीबी जवान होतो. आमच्या गावाच्या डोक्यावरचा देवीचा खडा डोंगर एकटाच चढतो, असं चौकात सांगून बसलो. आमच्या इकडं वर जाणाऱ्याले कोणी रिकामं जाऊ देत नाही. सकाळी अर्धी गल्ली नारळ घेऊन दारात! "जाऊनच राह्यला तं माह्या नवसाचाबी फोड, अन् प्रसाद आण."

पोतं पाठीवर टाकून ऐटीत निघालो. ऐन चढावर पोतं उसवलं अन् सारे नारळ दगडांवर आपटत खाली गेले. मी काय मागं फिरतो? वर जाऊन देवीले हात जोडले, अन् आता गल्लीले काय सांगावं, या विचारात उतरलो.

पायथ्याशी शेजारची काकू मजेत खोबरं खात बसलेली. म्हणे, "प्रसाद तं सकाळीच आला. मंग तू वर काऊन गेल्ता, बाबू?"